फुलीचं नाव

परवा ऑफिसात एका फुलीवरून पाऊण तास वाद झाला. पाच माणसं, एक पांढरा फळा आणि दोनदा चहा. घरपोच भाजी देणाऱ्या एका गिऱ्हाइकाची वेबसाइट आम्ही करतोय. तिच्यावर ‘तुमची पिशवी’ नावाची चौकट उघडते आणि ती मिटायला वर उजव्या कोपऱ्यात एक छोटं बटण आहे. आमच्याकडच्या नव्या मुलाने त्या बटणावर कीबोर्डवरचा एक्स ठोकून दिला होता. मी शेरा मारला, ‘इथे एक्स नको, गुणिले हवं.’ त्याने माझ्याकडे पाहिलं ते असं, की जणू बिचाऱ्याने घामाघूम होऊन अख्खी पंगत वाढली आणि मी विचारलं, चटणी उजवीकडे का वाढलीस?

“मॅम, पण दिसायला सेमच आहे ना?”

मुलगा गुणी आहे. चटणी उजवीकडे वाढलेली मला खरोखरच चालत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार!

मी ते बटण चारशे टक्के मोठं करून दाखवलं. गिऱ्हाइकाला जुन्या वळणाची, टोकांना पाय फुटलेली इंग्रजी अक्षरं हवी होती. त्या वळणातला एक्स म्हणजे डावीकडून उतरणारी काठी जाडजूड, उजवीकडून उतरणारी किडकिडीत आणि चारही टोकांना चपला. शिवाय तो पडला अक्षर. आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबकळतात, इंग्रजी अक्षरं खालच्या ओळीवर बूड टेकून बसतात. त्यामुळे बटणाच्या मधोमध हा कधी येत नाही, ओट्यावर बसल्यासारखा जरा खालीच राहतो. आता शेजारी हे पाहा: ×. दोन्ही काठ्या सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. डोकं नाही, पाय नाही, चपला नाहीत. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून आकड्यांच्या पाटीवर ०२१५ टाकलं की येतं. एचटीएमएलमध्ये तर त्याला स्वतःचं नावही आहे, ‘टाइम्स’. पाच बोटांचं काम.

“चारशे टक्के मोठं करून कोण बघणार आहे?” तो म्हणाला.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चहा मागवला.

हा रोग मला अण्णांकडून आला. माझे वडील सांगलीत एका छापखान्यात जुळारी होते. खणाखणांच्या केसमधून शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळीत लावायचे, आणि हे सगळं उलटं, म्हणजे आरशात वाचावं तसं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, सर्कशीची हँडबिलं, काय येईल ते. पुढे ते मुद्रितं तपासू लागले. घरी आलेली दुकानाची पावतीसुद्धा त्यांना पेन हातात घेतल्याशिवाय वाचता येत नसे. कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, आणि डीटीपी करणाऱ्या मुलांनी एक शोध लावला. विसर्ग कुठल्या कळीवर आहे ते आठवत बसण्यापेक्षा इंग्रजी कोलन दाबला की काम होतं. दोन टिंबं ती दोन टिंबं! गल्लीतल्या कुणाच्या तरी ‘दुःखद निधना’चं पत्रक तसं छापून आलं, तेव्हा अण्णांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं आणि म्हणाले, “मेलेल्या माणसाला निदान विसर्ग तरी खरा द्या रे.”

त्या वेळी आम्ही हसलो. आता माझं पोट ज्या धंद्यावर चालतं, त्यात अण्णांचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं. माणसाच्या डोळ्याला कोलन आणि विसर्ग जुळे भाऊ वाटतील, यंत्राला ते दोन निराळ्या गावांचे रहिवासी आहेत. एखाद्या मोठ्या लेखात ‘दुःख’ शोधायला सांगा, यंत्र विसर्गवाली दुःखं शोधून आणतं, कोलन घातलेली दुःखं त्याला सापडतच नाहीत. हीच गत अवग्रहाची. नाटकाच्या संहितेत नायिकेने लांबवून ‘अगंऽऽ’ म्हणायचं असतं, तिथे टंकणाऱ्याने इंग्रजी एस दोनदा मारलेला मी पाहिलाय. तालमीत नटी ते कसं म्हणाली असेल, देव जाणे. ॲपलमधला ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर लोक ‘अ’च्या डोक्यावर चंद्र टेकवून वेळ भागवत होते. सवय लागली ती लागलीच, अजूनही पुष्कळ जण टेकवतात.

आणि खरं सांगायचं तर विरामचिन्हं आपल्याकडे पाहुणीच. पोथ्यांमध्ये दंड असायचा, दोन दंड असायचे, बाकी कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने आपल्या दमावर ठरवायचं. मोडी कागदांत तेवढंही नसे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत रुळवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे अण्णा ज्या कोलनला उपरा म्हणून हुसकावत होते, तोही आणि त्याच्या शेजारचा स्वल्पविरामही एकाच बोटीतून उतरलेले. हे मी अण्णांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, “पाहुणा पाहुण्याच्या पाटावर बसला तर माझं काही म्हणणं नाही. तो आजोबांच्या पाटावर का बसतो?”

एक्सचं निस्तरतोय तोवर माझं लक्ष त्याच चौकटीतल्या दुसऱ्या जागी गेलं. मला वाटतं, तिथलं दुखणं मोठं आहे. कोथिंबिरीची जुडी किती हवी ते ठरवायला तीन गोष्टी एका ओळीत असतात: डावीकडे वजा, मध्ये आकडा, उजवीकडे अधिक. बहुतेक ठिकाणी ते वजा नसतंच, ती कीबोर्डवरची जोडरेघ असते. ‘ये-जा’, ‘पाटी-पेन्सिल’ यांच्या मधली. तिचा जन्मच दोन शब्दांच्या मध्ये अंग चोरून बसण्यासाठी झाला. तिला अधिकाच्या समोर उभी केली, की एकीकडे तालमीतला पैलवान आणि दुसरीकडे त्याचं धाकटं भावंड, असा देखावा. लांबीला निम्मी, उंचीलाही जरा खालीच. खरं वजाचं चिन्ह वेगळं असतं. ते अधिकाच्या मापाने घडवलेलं असतं. अधिकातली उभी दांडी उपटली की जे उरेल, नेमकं तेवढं आणि नेमकं त्याच उंचीवर. − आणि +. असं नीट बसवलं की दोन्ही बटणं तराजूच्या पारड्यांसारखी दिसतात. भाजीच्या दुकानात पारडी समान असावीत, एवढी तर कुणाची अपेक्षा असेल की नाही?

या जोडरेघेला दोष द्यायचा तर तो टाइपरायटरला. त्या यंत्रावर कळा मोजक्या, म्हणून एकाच रेघेला जोडरेघ, वजा आणि संवाद तोडणारी लांब रेघ अशा तीन नोकऱ्या दिल्या. १९६३ साली संगणकासाठी आस्की नावाचा तक्ता ठरला, सगळा मिळून १२८ घरांचा, त्यातही रेघेला एकच घर मिळालं. पुढे युनिकोडने प्रत्येकाला वेगळं घर दिलं खरं, पण या जुन्या भाडेकरूला हलवणार कोण? त्याचं अधिकृत नावच ‘हायफन-मायनस’ ठेवलं. लग्नानंतर दोन्हीकडची आडनावं लावावीत तसं. आणि कीबोर्डवर अजूनही तीच बसलीय.

वजा-अधिकाचा इतका अभिमान धरू नये, हेही मला मध्येच कळलं. बखशाली हस्तलिखित म्हणून भूर्जपत्रांवरचा एक जुना गणिताचा ग्रंथ आहे, १८८१ साली पेशावरजवळ शेतात सापडलेला, सध्या ऑक्सफर्डला असतो. त्यात ऋण संख्या दाखवायला संख्येपुढे चिन्ह काढलंय ते चक्क आजच्या अधिकासारखं! ब्राह्मी लिपीतला ‘क’ अधिकासारखा दिसायचा, तेव्हा हा ‘क्षय’ शब्दातल्या पहिल्या अक्षराचा अवशेष असावा, असा एक तर्क आहे. बेरजेला ‘यु’, गुणाकाराला ‘गु’ अशी शब्दांची आद्याक्षरं. त्या गणितज्ञाला आमची कोथिंबीर मागवायला बसवलं असतं, तर जुडी कमी करायला त्याने बेधडक अधिक दाबलं असतं आणि ट्रकभर कोथिंबीर दारात आली असती.

पण मी फुलीबद्दल सांगत होते.

× हे चिन्ह गुणाकारासाठी छापलं ते विल्यम ऑट्रेड या इंग्रज पाद्र्याने, १६३१ साली. त्याच्या पुस्तकाचं नाव लॅटिन, अर्थ ‘गणिताची किल्ली’. किल्लीवाल्या माणसाचं चिन्ह पुढे बंद करायच्या बटणावर जाऊन बसलं, हा योगायोग मला भारी आवडतो. सगळं सुखात चाललं असतं, पण सहाच वर्षांनी हॉलंडात देकार्तने आपल्या भूमितीत अज्ञात संख्येला एक्स म्हणायला सुरुवात केली आणि शेजार सुरू झाला. गणित करताना हाताने लिहिलेला एक्स कुठला आणि गुणिले कुठलं, हे नववीतल्या मुलाला आजही कळत नाही. मग शिक्षक एक्सला शेपट्या काढायला लावतात. १६९८ साली लायब्निझने योहान बर्नूलीला पत्र लिहून हीच तक्रार केली, हे चिन्ह मला आवडत नाही, एक्सशी घोटाळा होतो. त्याने गुणाकाराला साधं टिंब वापरायला घेतलं. मी हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या माणसाने नोंदवलेली तक्रार अजून निकालात निघालेली नाही. आमच्याकडे तीन महिन्यांची जुनी तक्रार असली तरी लोक काळजीत पडतात.

खिडकी मिटण्याशी फुलीचा संबंध त्यामानाने कालपरवाचा. मॅकवर १९८४पासून डावीकडे एक रिकामा चौकोन असायचा. विंडोजमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर दोनदा टिचकी मारावी लागे. माझी पहिली नोकरी त्याच काळातली. एक टिचकी मारून यादी उघडायची आणि आम्ही गोंधळून बघत बसायचो. उजव्या कोपऱ्यातली फुली घराघरांत पोचली ती २४ ऑगस्ट १९९५ला, विंडोज ९५बरोबर. त्याआधी नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर ती होती, पण तो संगणक सांगलीत कुणी पाहिला!

इंग्रजीत या खुणेसाठी एक्स, क्रॉस असे उसने शब्द वापरावे लागतात. आपल्याकडे तिला स्वतःचा, खास शब्द आहे, फुली. आणि काय काय केलंय आपण त्या फुलीने! मास्तरांनी चुकलेल्या गणितावर फुली मारली. सोयरिकीत नापसंत स्थळाच्या नावावर फुली मारली. पोरांनी पाटीवर फुली-गोळा खेळून दुपार काढली. संपादकांनी शिवीच्या जागी फुल्या-फुल्या छापल्या आणि वाचकांनी त्या बिनचूक वाचल्या. इतकी नेमकी खूण कुठल्याही भाषेत नसेल. तरी एका जागी मात्र फुलीचा अर्थ बरोबर उलटा होता. मतदान यंत्रं यायच्या आधी कागदी मतपत्रिका असायची, तिच्यावर बाणांच्या फुलीचा रबरी शिक्का मारायचा. भिंतीभिंतींवर रंगवलेलं असायचं, अमक्या निशाणीवर फुली मारा. म्हणजे हाच हवा! ज्या मास्तरांनी वर्षभर चूक म्हणून फुल्या मारल्या, तेच मास्तर मतदान केंद्रावर बसून लोकांना पसंतीची फुली मारायला सांगायचे. या अर्थाची आठवण युनिकोडमध्येही ठेवलेली आहे. तिरक्या हाताने काढल्यासारखी एक फुली त्यात आहे, तिचं नाव ‘बॅलट एक्स’, मतपत्रिकेची फुली.

हा गोंधळ जपान्यांनीही भोगलाय. तिथे गोळा म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, शाळेपासूनच. १९९४ साली सोनीने प्लेस्टेशन आणलं तेव्हा खेळताना हातात धरायच्या यंत्रावर त्रिकोण, चौकोन, गोळा आणि फुली अशी चार बटणं ठेवली. जपानात गोळा दाबला की ‘हो’ आणि फुली दाबली की ‘नको’. तेच यंत्र अमेरिकेत गेलं आणि तिथे फुली म्हणजे ‘हो’ झालं. पंचवीसेक वर्षं दोन देशांतली मुलं दोन उलट्या सवयी अंगठ्यात मुरवत राहिली. २०२०मध्ये पाचवं प्लेस्टेशन आलं, आणि कंपनीने जपानी मुलांनाही सांगितलं की आता फुली म्हणजे होच.

फुलीचंच नव्हे, इतर खुणांचंही असंच. आमच्या आईला स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या, यादी उघडणाऱ्या तीन आडव्या रेघांचं काही सांगायला गेलं की ती म्हणते, “त्रिपुंड्र दाबू का?” त्या रेघांना आमच्या धंद्यात हॅम्बर्गर म्हणतात, वर पाव, खाली पाव, मध्ये काहीतरी. १९८१च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स नावाच्या चित्रकाराने त्या काढल्या. पण आईने आयुष्यात हॅम्बर्गर पाहिलेला नाही, कपाळावरचे भस्माचे पट्टे मात्र रोज पाहते. तिचं नाव जास्त बरोबर आहे, असं मला वाटत आलंय. तसं पाहिलं तर हे बटण चित्र म्हणून न काढता अक्षर म्हणून टंकणारे लोक जे चिन्ह वापरतात, ☰, ते मुळात चिनी भविष्यग्रंथातलं आहे. युनिकोडमध्ये त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वर्गाची त्रिरेखा’. म्हणजे आई शिवाजवळ, चिनी स्वर्गाजवळ, आणि आम्ही पावाजवळ. काही जण त्याऐवजी गणितातलं ≡ दडपून देतात. त्याचा गणितातला अर्थ ‘तंतोतंत तेच’. तंतोतंत तेच म्हणणारं चिन्ह दुसऱ्याच्या जागी तोतया म्हणून उभं करायचं, याला धाडस लागतं.

मागे जायच्या बाणाऐवजी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह, तीन टिंबांच्या एकसंध चिन्हाऐवजी सुटे सुटे तीन पूर्णविराम, हे मी आता सोडून देते. वय झालं.

गुणिले बसवलं, एवढ्यावर मी थांबले असते तर ही गोष्ट माझ्या विजयाची झाली असती. पण मला वाटलं, ही फुली जरा बारीक आहे. युनिकोडमध्ये डिंगबॅट्स नावाचा एक मोहल्ला आहे, त्यात हेर्मान झाफ या जर्मन अक्षरकाराने काढलेल्या खुणांवरून आलेल्या चिक्कार फुल्या, बरोबरच्या खुणा, चांदण्या आणि कात्र्या आहेत. त्यातली एक गुबगुबीत फुली मी निवडली. माझ्या स्क्रीनवर ती सुरेख दिसत होती. पण आमच्या फॉन्टमध्ये ती नव्हतीच. घरात साखर नसली की शेजारून वाटीभर आणतो, तसं प्रत्येक यंत्र ती आपापल्या शेजारच्या फॉन्टमधून आणत होतं. एका फोनवर ती बारीक झाली, दुसऱ्यावर बटणाच्या बाहेर डोकावू लागली, आणि तिसऱ्यावर तर ती अक्षर राहिलीच नाही, इमोजी झाली. आम्ही ठरवलेला करडा रंग झुगारून, जाडजूड, ठसठशीत. ‘तुमची पिशवी’ या नाजूक शीर्षकाशेजारी ती असं काही दटावत उभी राहिली, की दोन दुधी घेतलेल्या माणसाने घाबरून एक परत ठेवावा. या चिन्हाच्या पाठोपाठ एक अदृश्य खूण टाकली की यंत्र त्याला अक्षरासारखं वागवतं, असा तोडगा आहे. मी तो टाकला. दोन फोनांनी ऐकलं, तिसऱ्याने नाही. मी मुकाट्याने पुन्हा गुणिलेकडे आले. नव्या मुलाने काही म्हटलं नाही. तो तोंडात पेन धरून खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे पाहत होता.

मग चाचणीचा दिवस आला. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवरचं सगळं एक आवाज त्यांना वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की आम्हाला तो चिवचिवाट वाटतो. ते मात्र त्यावर मान डोलवत असतात. त्यांनी पिशवी उघडली, दोन टोमॅटो टाकले, कोथिंबिरीची एक जुडी कमी केली. मग टॅब दाबत दाबत वरच्या कोपऱ्यात आले आणि थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा आले.

“ताई,” ते म्हणाले, “हे भाजीचं दुकान आहे ना?”

“हो काका.”

“मग इथे टाइम्सचं बटण कशाला? पेपरही टाकता काय तुम्ही?”

यंत्राने × वाचलं होतं, ‘टाइम्स, बटन’. अमुक गुणिले अमुक यातला टाइम्स. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, ऑट्रेड आणि लायब्निझ वगळून.

“आधी काय होतं इथे?”

“एक्स होता.”

“मग ते बरं होतं की,” काका म्हणाले. “एक्स ऐकला असता तर काहीतरी काटायचंय, एवढा तरी अंदाज आला असता. टाइम्स ऐकून माणूस काय करणार? शब्दकोडं सोडवणार?”

पेन तोंडात धरलेला मुलगा या वेळी खिडकीकडे बघायचंही विसरला.

दोष गुणिलेचा नव्हता. बटणावरची खूण डोळ्यांसाठी असते, कानासाठी वेगळं नाव आत लिहून ठेवायचं असतं. ते दिसत नाही, फक्त वाचणाऱ्या आवाजाला मिळतं. हे मला चांगलं ठाऊक आहे, मी इतरांना शिकवते. चारशे टक्के मोठं करून चपला मोजण्याच्या नादात ते नाव लिहायचं माझं राहूनच गेलं होतं. अण्णांनी एकदा अख्ख्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासले होते आणि लग्नाची तारीख छापायचीच राहिली होती. घरात तो विषय काढायची बंदी होती.

काकांसमोरच नाव ठरवायला बसलो. मी म्हटलं, ‘बंद करा’. काका म्हणाले, “काय बंद करा? दुकान, पिशवी की लॅपटॉप?” कुणी म्हणालं ‘रद्द’. त्यावर गिऱ्हाइकाचा माणूस दचकला, भाजीच रद्द झाली असं वाटेल म्हणाला. एकाने ‘क्लोज’ सुचवलं, आपण मराठीत बोलतोच की तसं. मी फोनवर आईला विचारलं, भाजी घेऊन झाली की तू पिशवीला काय करतेस. ती म्हणाली, “काय करणार, गाठ मारते. का गं?” ‘पिशवीला गाठ मारा’ हे मला फार आवडलं होतं, पण बाकीच्यांचं मत पडलं नाही. शेवटी ‘पिशवी मिटा’ ठरलं. काकांनी टॅब दाबला, आवाजाने ‘पिशवी मिटा, बटन’ असं इंग्रजी हेल काढून म्हटलं, आणि काकांनी ती मिटली.

मिटल्यावर ते म्हणाले, “आता वर काय काढलंय ते सांगा. मला उगीच उत्सुकता.”

मी त्यांचा तळवा घेतला आणि त्यावर बोटाने दोन तिरक्या रेघा ओढल्या.

“फुली होय!” ते म्हणाले. “मग सरळ फुली म्हणा की. टाइम्स काय, एक्स काय!”

दुसऱ्या दिवशी त्या नव्या मुलाने मला न विचारता गुणिले काढून टाकलं. त्याने चित्र बसवलं, एसव्हीजी. चोवीस पिक्सेलच्या चौकोनात कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे जाणाऱ्या दोन रेघा. कुठल्याही फॉन्टचं देणंघेणं नाही, शेजारून साखर नाही, बूड टेकायला ओळ नाही, अर्थाला गणित नाही. कुठल्याही फोनवर तसंच आणि बरोबर मधोमध. माझी वीस वर्षांची अक्षरांची निष्ठा त्याने दोन रेघांत निकालात काढली होती. मी फाइल उघडली. पोराने तिला नाव दिलं होतं, ‘फुली’.

मला भरून आलं, हे कबूल करते. मग सवयीने मी ती चारशे टक्के मोठी केली. डावीकडून उतरणारी रेघ दुसरीपेक्षा अर्ध्या पिक्सेलने आखूड होती.

मी शेरा लिहायला घेतला.